वॉरगेमिंग शोमध्ये प्राचीन लढाई मांडताय? या चुका टाळा

वॉरगेमिंग म्हणजे छोट्या पुतळ्यांची सैन्यं टेबलावर मांडून, फासे टाकून लढाई खेळणं. क्लबात खेळताना समोरच्याला नियम पाठ असतात आणि लढाई अर्धवट राहिली तर पुढच्या वेळी पुरी करता येते. शोमध्ये तुमच्या टेबलाशी थांबलेला माणूस कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच पुतळे हलवणार असतो, आणि तासा-दीड तासाने त्याला निघायचं असतं. तेवढ्या वेळात त्या लढाईचा पेच त्याच्यासमोर उभा राहिला पाहिजे आणि तो त्याने स्वतः सोडवून पाहिला पाहिजे. पुढच्या बहुतेक चुका हे नजरेआड झाल्यामुळे होतात.

अख्खी लढाई टेबलावर आणण्याचा हट्ट

कॅनीचंच घ्या, इ.स.पू. 216 मध्ये रोमन आणि कार्थेजचा सेनापती हॅनिबल यांच्यात झालेली लढाई. प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या आकड्यांनुसार रोमनांकडे सुमारे 80,000 पायदळ आणि 6,000 हून अधिक घोडेस्वार होते, तर हॅनिबलकडे 40,000 हून थोडं जास्त पायदळ आणि सुमारे 10,000 घोडेस्वार. एक पुतळा म्हणजे शंभर माणसं असं धरलं तरी साडेतेराशेच्या आसपास पुतळे होतात. ते रंगवून झाले तरी नवख्या खेळाडूंना दीड तासात हलवता येणार नाहीत. प्रमाणाचा नाद सोडा आणि लढाईचा आकार जपा. रोमन पायदळाच्या खोल रचनेसाठी आठ तुकड्या, समोर बाक काढून उभ्या गॉल आणि स्पॅनिश सैनिकांच्या चार, दोन्ही टोकांना एकेक आफ्रिकन तुकडी आणि बगलांवर थोडं घोडदळ. जाणकाराला एवढ्यावरून कॅनी लांबूनही ओळखू येते.

याहून अवघड अडचण वेगळीच आहे. कॅनीत रोमन पायदळ मधोमध घुसलं आणि चहूबाजूंनी वेढलं गेलं, हे रोमन बाजूच्या खेळाडूला ठाऊक असतं. तो मधोमध घुसतच नाही, पायदळ मागे धरून बसतो आणि खेळ थिजतो. अशा वेळी कित्येक आयोजक 'रोमनांनी पुढे सरकलंच पाहिजे' असा नियम घालतात. माझ्या मते ते चूक आहे, कारण मग खेळाडूकडे ठरवण्यासारखं काही उरत नाही. त्याऐवजी विजयाची अट बदला. हॅनिबलचा सरदार हसद्रुबाल याचं घोडदळ आधी समोरचं रोमन घोडदळ मोडतं, मग मागून वळसा घालून दुसऱ्या बगलेकडे जातं आणि शेवटी रोमन पायदळाच्या पिछाडीवर कोसळतं. त्याआधी रोमनांनी मधली फळी फोडली तर विजय रोमनांचा. आता दोन्ही बाजूंना घाई असते. रोमन खेळाडू आपणहून पुढे येतो, आणि रोमच्या सेनापतींना ती चाल शहाणपणाची का वाटली असेल हे त्याला पटावरच कळतं. लढाई कोणतीही निवडा, असा एक प्रश्न सापडल्याशिवाय पुतळे मांडायला घेऊ नका.

पहिल्या फेऱ्या नुसत्या चालण्यात

दोन्ही सैन्यं टेबलाच्या कडांना मांडली की दोन-तीन फेऱ्या मोजपट्टी सरकवण्यातच जातात. हिशेब करून पाहा. खेळ नव्वद मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं ओळख करून देण्यात, आणि नवख्या खेळाडूंची एक फेरी साधारण दहा मिनिटांची. म्हणजे हातात फेऱ्या आठ. त्यामुळे पहिल्याच फेरीत बाण सुटतील आणि दुसरीत ढाली भिडतील इतक्या अंतरावर फळ्या मांडा. नियमपुस्तकातलं मांडणीचं अंतर पाळण्याची इथे काही गरज नाही.

नियमांचा भार

फाशांच्या आकड्यात परिस्थितीनुसार अधिक-उणे करायला सांगणारे मूळ नियमांतले निम्मे फेरबदल गाळले तरी चालतात. कोण कोणावर भारी हे तुकडीच्या तळावर, म्हणजे पुतळे चिकटवलेल्या पट्टीवर, किंवा खेळाडूच्या हातातल्या एका कागदावर मावलं पाहिजे. खास नियम ठेवायचा तर एकच, आणि तोही त्या लढाईचा प्राण असलेला. झामाच्या लढाईत, इ.स.पू. 202 मध्ये, हॅनिबलकडे ऐंशीहून अधिक हत्ती होते, आणि रोमन सेनापती स्किपिओने आपल्या तुकड्या एकामागे एक उभ्या करून त्यांच्यासाठी मोकळ्या वाटा ठेवल्या होत्या. तिथे हत्ती कुठे वळतील हे फाशांवर ठरवणारा नियम हवाच. उरलेलं सगळं पंचाने डोक्यात ठेवावं.

पंचाने स्वतः एक बाजू खेळू नये. खेळाडू कमी पडले की हा मोह होतो, पण मग निवाडा देणाराच प्रतिस्पर्धी होतो आणि बघ्यांशी बोलायला कुणी उरत नाही.

रिकामा बसलेला खेळाडू

प्राचीन लढायांत हे हमखास होतं. राखीव फळीचा, म्हणजे त्रिआरींचा, सेनापती बनवलेला माणूस तासभर नुसता पाहत बसतो. कॅनीत रोमन घोडदळ ज्याच्या वाट्याला येतं तो तिसऱ्या-चौथ्या फेरीतच संपतो. म्हणून प्रत्येकाला फळीचा उभा तुकडा द्या, त्यात पुढची रांगही आली आणि मागचीही. घोडदळवाल्याला सुरुवातीपासूनच शेजारची एखादी पायदळाची तुकडी जोडून द्या.

टेबल आणि बघे

हात सहज पोचतो तो साठ-सत्तर सेंटिमीटर. त्यामुळे टेबलाची रुंदी 120 सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नका, लांबी हवी तेवढी वाढवा. त्याहून रुंद टेबलावर माणूस ओणवा होतो आणि बाहीत भाले अडकतात. टेकड्यांचे उतार इतके सौम्य ठेवा की भालाईतांच्या तुकड्या घसरणार नाहीत. पाण्याच्या बाटल्या, रिकामे खोके, नियमपुस्तकं सगळं टेबलाखाली. महिनोन्‌महिने रंगवलेल्या सैन्यात एक प्लास्टिकची बाटली उभी असली तर फोटोतही तीच दिसते.

एक फलक लावा, दोन मीटरवरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत: लढाई कोणती, साल कोणतं, कुठल्या बाजूला कोण. सविस्तर इतिहास विचारणाऱ्यांना तोंडी सांगा. ढालींच्या रंगांवरून कुणी हरकत घेतली तर ती मनापासून ऐका, अशा गप्पांतून बरंच शिकायला मिळतं.

ने-आण

तळाला चुंबकी पत्रक आणि खोक्यात लोखंडी पत्रा असला की पुतळे जागचे हलत नाहीत. मऊ धातूचे लांब भाले वाकतातच, तिथे पोलादी तार बसवा. सोबत झटपट चिकटणारा गोंद, जादा फासे आणि मोजपट्ट्या असू द्या.

ऐन वेळी अडलं तर

पहिल्याच फटक्यात एक बगल कोसळली तर खेळ थांबवू नका. पळणाऱ्यांचा पाठलाग करत विजयी घोडदळ एक-दोन फेऱ्या टेबलाबाहेर जातं असं जाहीर करा. प्राचीन लढायांत हे वारंवार घडलेलं आहे. नियमावरून वाद झाला तर एक फासा टाकून निकाल द्या आणि पुढे चला. कुणी अनुभवी खेळाडू शेजाऱ्याच्याही चाली सांगू लागला तर त्याला संदेशवाहक द्या: दूरच्या सेनापतीला निरोप फक्त चिठ्ठीने, आणि तो पोचणार पुढच्या फेरीत. मध्येच कुणाला जावं लागलं तर त्याचा तुकडा बघ्यांतल्या कुणाला द्या. विचारल्याशिवाय लोक पुढे येत नाहीत, म्हणून तुम्हीच विचारा.

शेवटच्या तासात नवा डाव सुरू करू नका. फळ्या भिडलेल्या अवस्थेत टेबल तसंच राहू द्या, आणि जो थांबेल त्याला एका तुकडीची एक झटापट खेळू द्या.