भीतीला शेजारच्या सीटवर बसवून

संगमनेरहून वाशीच्या बाजारात टोमॅटो नेतो. आयशर टेम्पो, स्वतःचा, हप्ते फिटलेला. १९ वर्षं माळशेज घाट चढलो-उतरलो. मग एका श्रावणात बोगदा मागे टाकून खाली येताना वरून दगड आला, पाण्याच्या कळशीएवढा. डावीकडची काच फोडून थेट क्लीनरच्या सीटवर. सीट रिकामी होती. क्लीनरचं काम करणाऱ्या पोराला ताप होता म्हणून त्या दिवशी घरीच ठेवलं होतं. मला खरचटलंसुद्धा नाही. तशीच गाडी हाकली, माल वेळेत उतरवला, दलालाबरोबर भावावरून वादही घातला.

भीती आली चौथ्या दिवशी. आळेफाट्याला उजवीकडे ओतूरच्या रस्त्याला वळायचं, तर हात स्टिअरिंग फिरवेचनात. सरळ गेलो. नारायणगाव, चाकण, एक्सप्रेस वे. लांबचा फेरा, टोल वेगळा. असं तीन महिने चाललं. हिशेबाची वही बायकोकडे असते. ती एवढंच म्हणाली, "अहो, डिझेल कुठं जातंय?"

त्यातून कसा निघालो ते सांगतो. तुमची भीती घाटाची नसेल. ऑपरेशनची असेल, कोर्टाच्या तारखेची असेल, रात्री वाजणाऱ्या फोनची असेल. पण करायचं बरंचसं तेच आहे.

आधी एक कानाआड करा. चर्चच्या मंडळीत कुणीतरी भेटतंच जे म्हणतं, "भाऊ, विश्वास कमी पडतोय." मलाही भेटले. तेव्हा काही बोललो नाही, आता बोलतो. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला होता. तिघा शिष्यांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. तेच शब्द घेऊन तीनदा प्रार्थना केली. त्याच्यात विश्वास कमी होता का? तेव्हा भीती वाटते म्हणून लाजू नका, आणि तीच प्रार्थना रोज करावी लागते म्हणूनही लाजू नका. बायबलमध्ये "भिऊ नका" ३६५ वेळा आहे असं व्हॉट्सॲपवर फिरतं. मी एका पावसाळ्यात मोजायला बसलो, तेवढं काही भरलं नाही. पण मरीयेला, मेंढपाळांना, रिकाम्या कबरेपाशी आलेल्या बायांना देवदूत तेच बोलतो. समोरचा घाबरलाय हे स्वर्गात धरूनच चालतात.

मग पोटाकडे बघा. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धाकाने पळाला आणि रानात झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला दिलं. मी त्या तीन महिन्यांत चहा-तंबाखूवर होतो आणि रात्री तीनला टक्क जागा. तंबाखू सोडली, रात्री भाकरी खाऊ लागलो, तेव्हा कुठे डोकं जागेवर आलं. छातीत धडधडत असेल तर डॉक्टरला दाखवा. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता, प्रेषित पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो.

आता खरं काम. भीतीचं नेमकं वाक्य शोधायचं. "मला घाटाची भीती वाटते" हे वाक्य नाही, तो नुसता बोर्ड झाला. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला कागद दिला आणि म्हणाले, "दगड पडला. त्याच्यापुढं काय दिसतं ते लिहा." मला वाटलं होतं मी स्वतःचं मरण लिहीन. लिहिलं गेलं ते असं: "पोराच्या आईला मी काय सांगणार?" मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. मला दगडाची भीती नव्हती, त्या रिकाम्या सीटची होती. प्रार्थना इतके दिवस भलत्याच पत्त्यावर चालली होती: प्रभू, माझं रक्षण कर, गाडीचं रक्षण कर. तुम्हीही लिहून बघा. एका ओळीत, माणसाच्या नावासकट. आणि मग त्याच ओळीची प्रार्थना करा.

ओळ सापडली की तिच्यातच काहीतरी करण्यासारखं असतं. योहानाच्या पत्रात आहे, पूर्ण प्रीती भीती घालवून देते. मी हे आयुष्यभर ऐकलं आणि मनात गोड वाटण्याची गोष्ट समजत राहिलो. पाळकसाहेबांनी विचारलं, "त्या आईला भेटलात का?" नव्हतो भेटलो. त्याच संध्याकाळी गेलो. दगडाचं सगळं सांगितलं, ते तिला पोराने सांगितलंच नव्हतं. ती रडली, मग चहा टाकला. म्हणाली, "काका, त्याला नुसता क्लीनर ठेवू नका, गाडी शिकवा." पोराच्या लायसनचे पैसे मी भरले. त्या रात्री तीनला जाग आली नाही. पुढच्या रात्री आली, खोटं कशाला सांगू.

यानंतर पायांनी करायचं. इस्राएल लोकांनी यार्देन नदी ओलांडली ती गोष्ट आठवा. कापणीचा हंगाम, नदी दोन्ही थड्या भरून वाहतेय, आणि देवाच्या कराराचा कोश (पवित्र पेटी) वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्याच्या कडेला बुडाल्यावर मग पाणी थांबलं. आधी थांबलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं लिहिलेलं नाही. म्हणून मी चार टप्पे केले. पहिल्या आठवड्यात रिकामी गाडी घेऊन आळेफाट्याला उजवीकडे वळून ओतूरपर्यंत. दुसऱ्यात घाटमाथ्यापर्यंत, पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसतं तिथून पुढे, दिवसाउजेडी. तिसऱ्यात बोगद्यापर्यंत. चौथ्यात पूर्ण उतरून मुरबाड, मालासकट.

इथे माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. पहिल्याच खेपेला ओतूरच्या अलीकडे छाती इतकी उडायला लागली की मी गाडी वळवली. वळवल्याबरोबर केवढं हायसं वाटलं! आणि दुसऱ्या दिवशी भीती आळेफाट्यावरच सुरू झाली, तिसऱ्या दिवशी घरातून निघतानाच. पळून जाण्याने सुटका मिळते असं एकदा तिला दाखवलं की ती लवकर-लवकर येते. तेव्हा धडधड चढतीवर असताना परत फिरू नका. गाडी कडेला घ्या, पार्किंग लाइट लावा, हँडब्रेक ओढा आणि बसून राहा. ती उतरते. मला पंधरा-वीस मिनिटं लागायची. उतरल्यावर मग हवं तर परत फिरा.

त्या पंधरा-वीस मिनिटांत तोंडाला काम हवं. लांब प्रार्थना सुचत नाही, सुचायची गरजही नाही, येशूचा शिष्य पेत्र पाण्यात बुडताना एवढंच ओरडला, "प्रभुजी, मला वाचवा." मी २३वं स्तोत्र म्हणतो, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे. सहाच वचनं, सावकाश म्हटलं तर मिनिटभर. लहानपणी पाठ केलेलं, पण त्यातली एक गोष्ट मला घाटात कडेला बसल्यावरच दिसली. सुरुवातीला सगळं "तो" आहे: तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. दरी आली की एकदम "तू" होतो: "कारण तू माझ्याबरोबर आहेस, तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात." कुरणात त्याच्याविषयी बोलणं चालू होतं, दरीत त्याच्याशीच बोलणं सुरू झालं. आमच्याकडे धनगरांचे कळप रस्त्याने जातात तेव्हा मी आता थांबून बघतो. मेंढराला रस्ता पाठ नसतो. पुढच्या वळणावर काय आहे ते धनगराला माहीत असतं.

एकटे जाऊ नका. आमच्या महिला मंडळातल्या एका म्हाताऱ्या मावशी, वय ८० च्या पुढे, पहाटे चारला उठतात. त्यांना मी निघताना मिस्ड कॉल द्यायचो आणि मुरबाडला पोहोचल्यावर दुसरा. मधल्या वेळात त्या गुडघ्यावर. एकदा दुसरा कॉल द्यायला विसरलो तर वाशीला पोहोचेपर्यंत त्यांचे ११ कॉल होते, आणि शिव्या होत्या त्या वेगळ्याच.

आता भीती आणि अक्कल यांतला फरक. मुसळधार पाऊस, ढग रस्त्यावर उतरलेले, हवामान खात्याचा इशारा आलेला, अशा दिवशी मी आजही घाटात जात नाही. फेरा घालतो नाहीतर माल थांबवतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असं सैतान म्हणाला होता, आणि प्रभूने नकार दिला. त्या नकारात भीती नव्हती. माझी कसोटी सोपी आहे: कोरड्या, लख्ख दिवशीही पाय अडत असेल तर ती भीती, तिच्यासाठी वर सांगितलेलं सगळं. इशारा असताना अडत असेल तर ती अक्कल, तिचे आभार माना.

चौथ्या टप्प्याला पोरगा शेजारी होता. ती सीट मी नवीन काचेबरोबर बदलून घेतली होती. दगड पडला त्या वळणावर मी काही न बोलता गाडी दुसऱ्या गिअरवर आणली, त्याने स्वतःहून मोबाइल खिशात टाकला. खाली टोकावड्याला वडापाव खाल्ला. हाताला तेव्हाही कापरं होतं, चटणी शर्टावर सांडली.

गेल्या दिवाळीपासून गाडी तो चालवतो. मी डाव्या बाजूला बसतो. पहिल्याच दिवशी बोगद्याच्या पुढे मी दोनदा पायाने ब्रेक दाबला, जिथे ब्रेकच नाही. त्याने बघितलं आणि म्हणाला, "काका, ते तुमचं मेंढपाळाचं म्हणा की." म्हणायला लागलो.