उंदरावर एक्झिमाचं मॉडेल करायचंय? आधी प्रश्न ठरवा

गोव्यात एमफार्म करणारी पोरं विचारत असतात, ॲटोपिक डर्माटायटिससाठी (म्हणजे ॲलर्जीचा एक्झिमा) कुठलं मॉडेल घेऊ, म्हणजे उंदरात हा आजार कशानं उठवू, आणि शेवटी सिनियरनं केलं म्हणून डीएनसीबी हे रसायनच घेतात. स्वस्त आहे, मान्य, पण ते हॅप्टेन, म्हणजे कातडीतल्या प्रथिनाला चिकटून ॲलर्जी उठवणारं छोटं रसायन, एक-दोनदा लावून सोडलंत तर साधी कॉन्टॅक्ट ॲलर्जीच मिळते, आठवडेच्या आठवडे परत परत लावलं की मग कुठे टीएच२ कडे (एक्झिमात दिसणारा ॲलर्जीचा प्रतिसाद) झुकतं नि आयजीई, म्हणजे ॲलर्जीची अँटिबॉडी, वर येतं. ग्लोव्ज घालाच हां, माणसालाही सेन्सिटाइज करतं ते.

तुमचं औषध टीएसएलपीवर (कातडीच्या पेशी सोडतात तो ॲलर्जी पेटवणारा सिग्नल) चालेल असं वाटत असेल तर एमसी९०३ घ्या, म्हणजे कॅल्सिपोट्रिऑल, सोरायसिसच्या मलमातलंच. इथेनॉलमध्ये विरघळवून कानाला रोज लावायचं, आठवडा-दीड आठवड्यात कान लाल नि जाड. कंट्रोलच्या कानाला नुसतं इथेनॉल लावा, काहीच न लावलेला कान कंट्रोल म्हणून चालत नाही कारण इथेनॉल स्वतःच कातडी कोरडी करतं. ॲलर्जन कातडीतून शिरून काय होतं ते बघायचंय तर बाल्ब/सी जातीच्या उंदरावर टेप स्ट्रिपिंग करून (चिकटपट्टीनं कातडीचा वरचा थर काढून) ओव्हाल्ब्युमिनचा, म्हणजे अंड्यातल्या प्रथिनाचा, पॅच, एक आठवडा पॅच मग दोन आठवडे सुट्टी, असं तीनदा, म्हणजे सात आठवडे गेले. मध्ये चवथ येत असेल तर पॅच बदलायला कोण थांबणार ते आधीच ठरवा, सगळे गावाला जातात. इमिक्विमॉड मात्र यात घुसडू नका, ते सोरायसिसचं.

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी, पावसाळा. ॲनिमल हाऊसमध्ये आर्द्रता ३० ते ७० टक्के हवी, जुलैत बाहेर ९० च्या वर, त्यात एसी बंद पडला की कातडीतून उडणारं पाणी, म्हणजे टीईडब्ल्यूएल, कमी येतं आणि फाटलेला बॅरियर, म्हणजे कातडीचं संरक्षक आवरण, पण ठीक दिसतो, मग तुम्ही खूश की औषध लागू पडलं! रीडिंग एसी खोलीत, उंदीर तिथे थोडा वेळ ठेवून, सगळे ग्रुप एकाच वेळेला, आणि आर्द्रता दर वेळी वहीत लिहा. सकाळी कंट्रोल नि दुपारी ट्रीटमेंट असं तर अजिबात नको.

कानाची जाडी एकाच माणसानं मोजायची, कुठला ग्रुप ते त्याला न सांगता. पण नुसत्या जाडीवर पेपर उभा राहत नाही, खाजवण्याचा व्हिडिओ, सीरम आयजीई आणि मास्ट सेल (ॲलर्जीत खाज उठवणाऱ्या पेशी) दिसण्यासाठी टोल्युइडिन ब्लू रंगाची स्लाइड एवढं तरी हवंच. डिस्कशनमध्ये हेही लिहा की उंदराची एपिडर्मिस, म्हणजे कातडीचा वरचा थर, आपल्यापेक्षा खूप पातळ असते. कुत्र्यांना हा आजार आपोआप होतो, तिथली तुलना कामाला येते.

आयएईसीची (संस्थेची प्राणी-प्रयोग नैतिकता समिती) मंजुरी हातात येईपर्यंत प्राणी मागवू नका, आणि खाजवून जखम किती वाढली की उंदीर प्रयोगातून काढायचा ते अर्जातच लिहून टाका, समिती हमखास विचारते.