मिनिकॉयला जायचंय? मग आधी हे वाचा

लक्षद्वीपच्या पार दक्षिण टोकाला असलेल्या मिनिकॉयला जायचं तर सगळ्यात आधी एन्ट्री परमिट काढा, आणि जहाज कोचीहून पकडायचं कारण बेटावर एअरपोर्ट नाहीये. पावसाळा टाळाच.

१८८५ चं लाईटहाऊस सगळेच बघतात, पण तुम्ही गावांत जरूर फिरा, प्रत्येक गावाचा एक प्रमुख असतो, त्याला बोडुकाका म्हणतात, त्यामुळे लोकल माणूस सोबत घ्या आणि बायकांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका प्लीज. बाकी बेटांवर मल्याळमशी जवळची भाषा बोलतात, इथे मात्र महल, म्हणजे मालदीवची धिवेहीच, आणि लिहितात उजवीकडून डावीकडे! ट्युना उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवतात त्याला मास म्हणतात, ते खाऊनच या. ‘लावा’ नावाचा इथला पारंपरिक डान्स बघायला मिळाला तर सोडू नका. दारूबंदी आहे, आणि गावात अंगभर कपडे घाला.