घरच्या घरी कूलंट बदलताना या चुका टाळा

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बदलणे दिसायला इंजिन ऑइल बदलण्याइतकेच सोपे असते; खालून सोडायचे आणि वरून भरायचे. फरक असा की ऑइल तळाच्या एका चेंबरमध्ये साठते आणि प्लग काढला की जवळजवळ सगळे खाली येते, तर कूलंट रेडिएटर, इंजिनचा ब्लॉक, हीटरची जाळी आणि त्यांना जोडणारे पाइप यांत विखुरलेले असते. रेडिएटरचा प्लग उघडल्यावर त्यातले निम्मे किंवा थोडे जास्त एवढेच बाहेर पडते. नंतरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ आत राहून गेलेल्या गोष्टींत सापडते, आणि त्या गोष्टी तीन आहेत: जुने कूलंट, धुण्याचे पाणी आणि हवा. पुढील विवेचन रेडिएटरला स्वतःचे झाकण आणि शेजारी प्लास्टिकची बाटली असलेल्या साध्या पेट्रोल गाडीचे आहे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी व इन्व्हर्टर थंड ठेवणाऱ्या कूलंटची व्यवस्था निराळी असल्याने तेथे हा प्रयोग घरी करू नये.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग नुसते पाणी का चालू नये, हा समज अजूनही पुष्कळांचा आहे. कूलंटचा मुख्य घटक असलेले इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे समसमान मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळते आणि झाकणाने धरलेल्या दाबाखाली हा आकडा १२५ अंशांच्या आसपास जातो, म्हणजे मे महिन्यात एसी लावून कसारा किंवा खंबाटकी घाट चढणाऱ्या गाडीला त्याची गरज काश्मीरमधल्या गाडीपेक्षा कमी नाही. त्याहून मोठे कारण गंजाचे आहे. कूलंटमधील गंजरोधक घटक अॅल्युमिनियमचे हेड (ब्लॉकवर बसणारा इंजिनचा वरचा भाग), वॉटर पंप आणि रेडिएटर यांना आतून जपतात, आणि ग्लायकॉल टिकून असले तरी हे घटक आधी संपतात. त्यामुळे रंग छान दिसतो म्हणून कूलंट चांगले आहे, असे मानता येत नाही.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेले दाट कूलंट, तसेच ओतणे. ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्यापेक्षा बरीच कमी असल्याने निव्वळ कॉन्सन्ट्रेटवर इंजिन अधिक तापते. डबा तयार मिश्रणाचा आहे की कॉन्सन्ट्रेटचा, हे लेबलवर स्पष्ट लिहिलेले असते. विकणाऱ्याच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये. रंगावर तर मुळीच नाही. हिरवा, निळा, गुलाबी हे कंपन्यांनी घातलेले रंग आहेत, त्यांना सर्वमान्य अर्थ नाही. एकाच रंगाच्या दोन कूलंटमध्ये गंजरोधकांची जात वेगळी असू शकते आणि न जुळणारी कूलंट एकत्र आली तर त्यांचा गाळ किंवा चिकट थर तयार होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार पाहून तोच घ्यावा.

पाण्याबाबत थोडे कडक राहावे लागते. दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, त्यातील क्षार तापलेल्या ब्लॉकमध्ये थर धरतात आणि क्लोराइड अॅल्युमिनियमला खड्डे पाडतात. पिण्याच्या आरओ पाण्यातही काही क्षार उरतातच. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळणारे डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढून टाकलेले पाणी, स्वस्त आहे आणि या कामाला तेच योग्य आहे.

गरम इंजिनचे झाकण उघडणे ही सर्वांत धोकादायक चूक. दाबाखाली शंभर अंशांच्या वर असलेले कूलंट झाकण सैल होताच उकळून चेहऱ्यावर आणि हातांवर उडते. वरचा जाड पाइप हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबावे, म्हणजे शक्यतो सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वीच काम काढावे. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा अचानक फिरू लागतो. पंख्याजवळ हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी आणि इंजिन सुरू करण्याच्या वेळी पुन्हा जोडावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, स्टँड लावावेत.

ड्रेन प्लग बहुधा प्लास्टिकचा असतो. तो पक्कडीने आवळल्यास आटे जातात किंवा खालची टाकीच तडकते. रबरी ओ-रिंग शाबूत असेल तर हाताने आवळणे पुरते. प्लग नसलेल्या गाडीत खालचा पाइप काढावा लागतो, आणि वर्षानुवर्षे चिकटलेला पाइप स्क्रू ड्रायव्हरने उचकटण्यापेक्षा हळूहळू पिळून सोडवावा.

बाहेर आलेले कूलंट मोजणे ही या कामातील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. जुने कूलंट काढून पाण्याने धुतले, तर शेवटच्या धुण्यातले पाणी ब्लॉकमध्ये राहतेच. समजा, पुस्तिकेनुसार एकूण क्षमता ५ लिटर आहे आणि प्लगमधून ३ लिटर पाणी आले, तर २ लिटर आत आहे. त्यावर ३ लिटर तयार मिश्रण ओतले की ग्लायकॉलचे प्रमाण पन्नास टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर येते आणि गंजरोधकही त्याच हिशेबाने पातळ होतात. योग्य रीत अशी की आधी एकूण क्षमतेच्या निम्मे, म्हणजे २.५ लिटर कॉन्सन्ट्रेट घालावे आणि उरलेली जागा अर्धा लिटर डीएम वॉटरने भरावी. अर्थात शेवटचे धुणेही डीएम वॉटरनेच झालेले असले पाहिजे. जुने कूलंट स्वच्छ असेल, तर धुण्याच्या भानगडीत पडूच नये, असे माझे मत आहे. त्याच प्रकारचे तयार मिश्रण भरून काही आठवड्यांनी पुन्हा एकदा सोडले, तर दर वेळी साठ टक्के बदलले गेल्यास जुने केवळ सोळा टक्के उरते. बाजारातील तीव्र फ्लश रसायने मात्र धडधाकट गाडीत घालू नयेत, कारण त्यांचे अवशेषही ब्लॉकमध्येच राहतात. गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा ट्रकवाल्यांचा उपाय आडरस्त्यावर गॅरेज गाठण्यापुरता ठीक आहे, पण तीच हळद पुढे हीटरच्या जाळीत बसते.

आता हवेचे. कूलंट हळूहळू ओतावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, एसी बंद असावा आणि गाडी उघड्या जागेत, शक्य असल्यास नाक किंचित वर येईल अशी उभी करावी. हवा बाहेर सोडणारा ब्लीड स्क्रू असल्यास बुडबुडे थांबेपर्यंत तो उघडा ठेवावा. झाकण न लावता इंजिन सुरू केल्यावर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट मोकळी करणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि पातळी एकदम खाली जाते. अनेक जण त्याआधीच झाकण लावून मोकळे होतात, आणि हवा आतच कोंडली जाते. पातळी पुन्हा भरून, चेहरा लांब ठेवून, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबावे. ३ लिटर बाहेर आले आणि जेमतेम २ लिटर आत गेले, तर उरलेली जागा हवेने व्यापली आहे, असे समजावे. बाटली मॅक्सच्या खुणेच्या वर भरू नये. आणि बाटली भरलेली दिसते म्हणजे रेडिएटरही भरलेला आहे, असे नव्हे.

काढलेले कूलंट गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये. ते चवीला गोडसर आणि विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरण्याऐवजी नाव लिहिलेल्या कॅनमध्ये भरून ते गॅरेजला द्यावे आणि फरशी धुऊन घ्यावी.

काम झाल्यावर पहिले काही दिवस, इंजिन गार असताना, पातळी पाहावी. ती एकदा थोडी उतरणे स्वाभाविक आहे. तापमानाचा काटा चढून उतरत असेल, डॅशबोर्डच्या मागे खळखळ ऐकू येत असेल किंवा हीटरमधून गार वारा येत असेल, तर हवा शिल्लक आहे. केवळ ट्रॅफिकमध्ये तापणारी गाडी पंख्याकडे बोट दाखवते, तर हायवेवर आणि चढावर तापणारी तुंबलेल्या रेडिएटरकडे किंवा अडकलेल्या थर्मोस्टॅटकडे. इंजिन गार झाल्यावर पाइप आत चेपला गेलेला दिसल्यास झाकणाची उलटी झडप अडकलेली असते. नवे झाकण घेताना त्यावरील ०.९ किंवा १.१ हा दाबाचा आकडा जुन्याप्रमाणेच असावा. ज्या गाड्यांत काट्याऐवजी फक्त लाल दिवा असतो, तेथे आणखी सावध राहावे, कारण कूलंट फार कमी झाल्यास सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापूनही दिवा वेळेवर लागेलच, याचा भरवसा नसतो. गळती कुठेच दिसत नाही, तरी पातळी सतत उतरते, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते किंवा ऑइल दुधाळ झाले आहे, असे असेल तर दोष हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांमधील सीलचा, असण्याची शक्यता मोठी. पुन्हा पुन्हा कूलंट ओतत बसण्याऐवजी गाडी जागेवर ठेवून गॅरेजमधून प्रेशर टेस्ट करून घ्यावी.