तरुण नटाने वार्धक्य कसे उभे करावे

नाशिकच्या तात्यासाहेब शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आले, तेव्हा निवृत्त अप्पासाहेब बेलवलकर उभे करणारे डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. ‘सारांश’मधील (१९८४) वृद्ध मास्तर साकारताना अनुपम खेर यांनी तर तिशीही ओलांडली नव्हती. उभट, हाडांचा चेहरा, भारदस्त आवाज, विरळ केस अशी देणगी काहींना असते खरी, पण तिच्या बळावर पहिला प्रवेश निभावतो. पुढचे सारे निरीक्षणावर अवलंबून असते.

त्यासाठी सकाळी गोदाघाटावर जाऊन बसावे. रामकुंडाच्या पायऱ्या उतरणारे आजोबा आधी पायरी न्याहाळतात, मग एक पाय खाली टेकवतात, दुसरा त्याच पायरीवर आणून जुळवतात आणि मगच पुढची पायरी घेतात. कोणी हाक मारली, तर ते चालता चालता उत्तर देत नाहीत, थांबून देतात. आणि नातवाने हात पुढे केला, की बहुधा तो नाकारतात. माझ्या मते या भूमिकेचे मर्म या नकारात आहे: म्हातारा माणूस आपले म्हातारपण दाखवत नसतो, तो ते झाकत असतो. म्हणून नटाने थरथर, वाकलेली पाठ आणि खोकला यांची आरास मांडण्याऐवजी नीट चालण्याची धडपड करावी. दुखणे प्रेक्षकांना आपोआप दिसते.

दुखणे मात्र नेमके ठरवावे. उजवा गुडघा धरला असेल, तर खुर्चीतून उठताना पाय आधी मागे ओढून, धड पुढे झुकवून, भार डाव्या पायावर आणि हातांवर घ्यावा, आणि हे तालमीच्या पहिल्या दिवसापासून करावे. कारण पहिल्या अंकात उजवा आणि दुसऱ्या अंकात डावा पाय लंगडला, की सारा डोलारा कोसळतो.

आवाज कापरा करण्याचा मोह टाळावा. उतारवयात श्वास अपुरा पडतो, त्यामुळे संहितेत श्वासाच्या जागा जवळजवळ आखून घ्याव्यात. वयपरत्वे पुरुषांचा स्वर बहुधा किंचित चढतो, तर बायकांचा उतरतो, हेही ध्यानात ठेवावे. मात्र कालिदास कलामंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचलाच पाहिजे.

रंगभूषेत काळ्या पेन्सिलीच्या सुरकुत्या रेघाच वाटतात. गालफडांखाली आणि कानशिलांवर तपकिरी छटा देऊन शेजारचे उंचवटे उजळावेत. मान आणि हातांचे पंजे विसरू नयेत.

सहकलाकारांशीही आधीच बोलून घ्यावे. सून पाण्याचा तांब्या जिथे हात पोचेल तिथे ठेवते, मुलगा महत्त्वाचे वाक्य न चिडता पुन्हा मोठ्याने सांगतो, असे बारकावे दिग्दर्शकाच्या संमतीने प्रवेशात बसवले, तर नटाने काहीही न करता त्याचे वय दहा वर्षांनी वाढते.