खोट असलेलं पात्र रचताना या चुका टाळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, स्वभावविशेष, आदर्श, बंध आणि दोष असे चार रकाने आहेत. पहिले तीन लोक हौसेने भरतात. चौथ्यात ‘मित्रांवर जरा जास्तच जीव टाकतो’ असलं काहीतरी लिहून मोकळे होतात. याला दोष कसं म्हणायचं? ज्याच्यापायी पात्राचं कधी काही बिघडत नाही, तो रकाना कोराच समजा.

शीटवरच्या आकड्याला स्वभाव समजणं हीसुद्धा नेहमीची चूक. बुद्धी ८ म्हणजे बुद्धीसाठी टाकलेल्या फाशाच्या आकड्यातून १ वजा, बस्स. तेवढ्याने पात्र वेंधळं होत नाही.

मग बॅकस्टोरी, म्हणजे पात्राची पूर्वकथा. गाव जळालं, आईबाप गेले, गुरूने दगा दिला. वाईट झालं खरं, पण ही दुःखं आहेत. त्यातून कोणती खोड जडली ते सांगा, आणि नेमकं सांगा. ‘गर्विष्ठ पॅलादिन’ (धर्मयोद्धा) यावर खेळता येत नाही. ‘याच्या तोंडून “मला माहीत नाही” निघतच नाही’ असं लिहून बघा. गुहेत दोन वाटा फुटतात. सोबतची रेंजर (रानातली शिकारी) विचारते, “ही वाट ओळखीची ना?” हा ठासून म्हणतो, “म्हणजे काय! डावीकडे चला.” डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) गालात हसतो. असा माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो, म्हणून तो आपलासा वाटतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे “माझं पात्र असंच वागणार!” ही ढाल. चोराने सोबत्यांच्याच पिशव्या साफ केल्या की पात्रांआधी खेळाडू भांडतात. असं झालं तर खेळ थांबवा, पात्र बाजूला ठेवून सरळ बोला आणि खोडीचा रोख बदला. ज्या सरदाराकडे पाहुणे म्हणून उतरलात त्याची तिजोरी फोडा, आणि पकडलेही जा. फेट या अशाच दुसऱ्या खेळात यासाठी छान सोय आहे: खेळ चालवणारा तुमच्या खोटीवरून अडचण पुढे करतो, ती पत्करली तर फेट पॉइंट मिळतो, नाकारायची तर पदरचा एक मोजावा लागतो.

दोन-तीन सेशन झाली तरी खोट वर आलीच नाही? डीएमला आधीच सांगून ठेवा, “याला खोटं बोलायला लागेल असा प्रसंग आण.” तरीही जमलं नाही, तर खोट बदला. शीट पेन्सिलीनेच भरलेली बरी.