तुरीच्या माणसाला कबुतरं पाठवू नका: अलर्ट सेवेतल्या चुका

नव्या ग्रंथपालांचा एक फोन ठरलेला असतो. "सर, एसडीआय सुरू केलं, पण मेल कुणी उघडतच नाही." एसडीआय म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याच्या विषयाचं नवं साहित्य निवडून कळवण्याची सेवा. मी विचारतो, प्रोफाइल, म्हणजे वाचकाला नेमकं काय हवं त्याची नोंद, कशावरून केलं? "गूगल फॉर्म भरून घेतला ना." नाव, विभाग, विषय, ईमेल. झालं काम!

लातूरकडच्या एका महाविद्यालयातली गोष्ट. एका प्राध्यापकांनी फॉर्मवर विषय लिहिला, 'तूर'. ग्रंथालयातल्या नव्या पोराने गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या शोधनिबंध शोधायच्या साइटवर, तुरीचं इंग्रजी नाव 'पिजन पी' हे दोन सुटे शब्द टाकले, अवतरणचिन्हं दिली नाहीत, अलर्ट (नवं काही आलं की आपोआप मेल) लावला आणि मोकळा झाला. आता 'पिजन' आणि 'पी' सुटे शोधले की कबुतरांना वाटाणे खाऊ घालणारे प्रयोगही येणारच. महिनाभर सर गप्प. मग एक दिवस काउंटरवर येऊन म्हणाले, "आता खुराडं कुठं बांधू तेवढं सांगा."

मला बोलावलं. मी कॉम्प्युटर उघडलाच नाही, सरांसोबत चहाला गेलो. अर्ध्या तासात कळलं की त्यांना अख्खी तूर नकोच आहे. बाजारभाव नको, डाळ प्रक्रिया नको. हवा फक्त मर रोग, आणि तो कोणते वाण सोसतात ते. मग शब्द लावले: 'पिजन पी' अवतरणात, हैदराबादच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेवाले लिहितात तसं जोडून 'पिजनपी', तुरीचं दुसरं इंग्रजी नाव 'रेड ग्रॅम' (हेही अवतरणातच, नाहीतर ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूंची फौज येते), शास्त्रीय नाव कॅजेनस कॅजन. या सगळ्यांमध्ये मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'ओआर', म्हणजे 'किंवा'. सोबत रोगाच्या बुरशीचं नाव, फ्युजेरियम उडम. बदनापूरच्या बीडीएन ७११ या तुरीच्या वाणाचा वेगळा अलर्ट. मेल कमी झाले, आणि सर उघडायला लागले.

फॉर्म वाईट नाही, पण तो चहानंतर भरून घ्या. एका दिवसात पन्नास प्रोफाइल करणारे मला भेटलेत. मी दिवसाला तीनच्या वर जात नाही.

किरकोळ चुका चटकन सांगतो. सगळ्या विभागांना एकच व्हॉट्सॲप मेसेज ढकलणं म्हणजे सीएएसही (नव्या साहित्याची सर्वसाधारण माहिती देणारी सेवा) नाही आणि एसडीआयही नाही, ती दवंडी. पन्नास जणांचे पत्ते सीसीमध्ये टाकू नका, बीसीसी त्यासाठीच आहे. नुसतं शीर्षक पाठवू नका. लेख एन-लिस्टवर (महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणारी योजना) आहे की मागवावा लागेल, एवढी एक ओळ लिहा. आणि अलर्टमधून आलेलं नियतकालिक बनावट नाही ना, ते आधी बघा. यूजीसीने २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली, त्यामुळे 'यादीत आहे ना' म्हणून हात झटकायची सोयही गेली.

दुसरी मोठी चूक म्हणजे एकदा केलेलं प्रोफाइल तसंच ठेवणं. पीएच.डी.चा विद्यार्थी पहिल्या वर्षी 'मराठवाड्यातील दुष्काळ' म्हणतो, तिसऱ्या वर्षी तो फक्त शेततळ्यांवर आलेला असतो. तुमचा अलर्ट मात्र दुष्काळातच अडकलेला! हान्स पीटर लून यांनी १९५८ साली आयबीएममध्ये ही कल्पना मांडली, तेव्हाच वाचक काय स्वीकारतो त्यावरून त्याचं प्रोफाइल बदलत जावं असं त्यात होतं. आपण त्यातलं पाठवणं तेवढं उचललं आणि बदलणं सोडून दिलं.

माझी सवय साधी आहे. प्रत्येक वाचकाचं वहीत एक पान. मेलच्या शेवटी एकच प्रश्न: "यातलं काय कामाचं होतं?" उत्तर आलं की पानावर टीप. सलग तीन मेलना उत्तर नाही, तर चौथा पाठवत नाही, थेट विभागात जाऊन गाठतो. सॉफ्टवेअरने हे आपोआप होतं असं पोरं सांगतात. होत असेल. पण तुरीवाल्या सरांनी यंदा विषय बदलून हरभरा घेतलाय, हे मला कळलं ते स्टाफरूमच्या दारात.